करारातील तपासणीची कलमे: कोणत्या क्रमाने लिहावीत आणि कुठे चुकतात

बांधकामाच्या बहुतेक करारांत तपासणीवर एकच वाक्य असते: "मालकास कामाची केव्हाही तपासणी करण्याचा अधिकार राहील." वाचायला भक्कम, वापरायला पोकळ. तपासणी कोण करणार, कोणत्या टप्प्यावर, कशाशी ताडून, आणि काम नापास झाले तर पुढे काय, यातले काहीच त्यात नाही. मालक साईटवर येतो, काहीतरी खटकते, ठेकेदार "बघतो" म्हणतो आणि दुसऱ्या दिवशी त्यावर गिलावा चढलेला असतो.

तपासणीच्या कलमाला दोनच गोष्टींनी दात येतात. नापास काम पुढे सरकता कामा नये आणि नापास कामाचे पैसे सुटता कामा नयेत. खालचे टप्पे याच दोन गोष्टींसाठी आहेत. क्रम शक्यतो मोडू नका, कारण प्रत्येक टप्पा आधीच्या टप्प्यात ठरलेल्या गोष्टीवर उभा आहे.

## टप्पा १: आधी झाकल्या जाणाऱ्या कामांची यादी

कराराचा मसुदा हातात घेण्याआधी नकाशे, आरसीसीचे आराखडे, कामाचे तपशीलपत्रक आणि परिमाणपत्रक (कोणते काम किती, याची यादी) समोर ठेवा. प्रत्येक आराखड्याचा क्रमांक, सुधारणा क्रमांक आणि तारीख करारासोबतच्या यादीत उतरवा. हे राहिले की साईटवर जुना आराखडा, तपासणाऱ्याच्या हातात नवा, आणि दोघेही आपापल्या जागी बरोबर!

मग एकच प्रश्न विचारत यादी करा: कोणते काम पुढच्या कामाखाली कायमचे गाडले जाणार? साध्या घरात साधारण ही कामे निघतात:

- पायाच्या खोदाईचा तळ
- पाया, कॉलम, बीम आणि स्लॅबची सळई, रिंगा आणि कव्हर ब्लॉक (सळईवर काँक्रीटचा ठरलेला थर, म्हणजे कव्हर, राहावा म्हणून लावलेले ठोकळे)
- जोत्यातला भराव (थराथराने, साधारण १५० ते २०० मि.मी.चा थर, प्रत्येक थर धुमसून)
- स्लॅबमध्ये आणि भिंतीत जाणारे वायरिंगचे पाइप
- भिंतीत आणि फरशीखाली जाणारे पाण्याचे व सांडपाण्याचे नळ
- स्नानगृह, गच्ची आणि टाकीचे वॉटरप्रूफिंग
- फॉल्स सीलिंगच्या वरचे सगळे

रंग, दारे, फरशीचे सांधे हे नंतरही दिसते आणि दुरुस्तही होते. म्हणून करारातली खरी ताकद वरच्या यादीवर खर्च करा.

तपासा: यादीतील प्रत्येक कामासमोर "हे कशाखाली झाकले जाणार" ते लिहिले आहे का? ते लिहिता येत नसेल, तर ते काम या यादीतले नाही.

## टप्पा २: कुठे काम थांबेल, कुठे नाही

सगळ्या तपासण्या एकाच वजनाच्या नसतात. करारात दोन प्रकार व्याख्येसह लिहा.

होल्ड पॉइंट: लेखी मंजुरी मिळेपर्यंत पुढचे काम सुरू करायचे नाही. सळई, खोदाईचा तळ, वॉटरप्रूफिंग आणि दाबाखालच्या नळांची चाचणी यात येतात.

साक्षी तपासणी: ठेकेदाराने वेळेवर कळवायचे. तपासणारा आला तर त्याच्यासमोर, न आल्यास ठेकेदाराने स्वतः तपासून, फोटो काढून आणि नोंद करून पुढे जायचे. विटांचे बांधकाम, गिलाव्याआधीच्या खाचा, भरावाचे मधले थर यासाठी हे पुरते.

चूक दोन्ही टोकांना होते. एकही होल्ड पॉइंट नसलेले करार भरपूर आहेत. पण एखाद्या सावध वकिलाने चाळीस होल्ड पॉइंट घातले, तर तपासणाऱ्याची वाट पाहत साईट बसून राहते, ठेकेदार मुदतवाढ आणि नुकसानभरपाई मागतो, आणि दोन महिन्यांत सगळेच ते कलम गुंडाळून ठेवतात. एका मजल्याच्या घराला दहा-बारा होल्ड पॉइंट पुरतात. मजला वाढला की सळईचे आणि स्लॅबचे तेवढे वाढतात.

## टप्पा ३: तपासणारा कोण

पदाचे नाव आणि नेमणुकीची पद्धत लिहा, "मालकाचा प्रतिनिधी" एवढ्यावर सोडू नका. आरसीसीच्या होल्ड पॉइंटला संरचना अभियंता किंवा त्याने लेखी नेमलेला अभियंताच मंजुरी देईल, असे स्पष्ट असावे. तो उपलब्ध नसेल तर बदली कोण, हेही.

ठेकेदाराने स्वतःची तपासणी आधी करून, त्यावर सही करूनच बोलवावे, ही अट इथेच घाला. नाहीतर मालकाचा अभियंता ठेकेदाराचा फुकटचा मुकादम होतो: तो चुका शोधणार, मग ठेकेदार त्या दुरुस्त करणार, मग परत बोलावणार. बोलावल्यावर काम तयार नसल्याचे दिसले, तर पुढच्या फेरीचा खर्च ठेकेदाराचा.

चाचण्या बाहेरच्या प्रयोगशाळेत होणार असतील तर ती आयएसओ/आयईसी १७०२५ नुसार मानांकित असावी आणि ते मानांकन *त्या विशिष्ट चाचणीसाठी* असावे. तपासणी संस्थांसाठीचे मानक वेगळे आहे, आयएसओ/आयईसी १७०२०. करारात या दोघांची अदलाबदल सर्रास दिसते.

## टप्पा ४: सूचना, मुदत आणि गैरहजेरी

सर्वांत जास्त भांडणे या कलमावरून होतात, त्यामुळे इथे शब्द जपून वापरा. किमान एवढे ठरवा:

१. सूचना लेखी असावी, कोणत्या पत्त्यावर किंवा कोणत्या माध्यमातून चालेल ते लिहावे. साईटवर तोंडी सांगितलेले धरले जाणार नाही.
२. किती आधी: दोन पूर्ण कामकाजाचे दिवस बहुतेक ठिकाणी व्यवहार्य ठरतात. "४८ तास" लिहिले तर शनिवारी संध्याकाळी पाठवलेली सूचना सोमवारी संध्याकाळी संपते, तपासणाऱ्याला जेमतेम एकच कामाचा दिवस देऊन.
३. सूचनेत कोणते काम, कोणता भाग, आराखड्याचा क्रमांक आणि ठेकेदाराच्या स्वतपासणीचा सही केलेला कागद असावा.
४. तपासणाऱ्याने त्याच दिवशी लेखी निकाल द्यावा: मंजूर, दुरुस्तीसह मंजूर किंवा नामंजूर.
५. तपासणारा आलाच नाही तर काय?

पाचवा मुद्दा सापळ्याचा आहे. ठेकेदाराकडून आलेल्या मसुद्यात बहुधा असते: "नियोजित वेळी प्रतिनिधी हजर न राहिल्यास काम मंजूर समजले जाईल." साक्षी तपासणीसाठी हे चालेल. होल्ड पॉइंटसाठी मुळीच नको. पण ठेकेदाराला नुसते ताटकळत ठेवणेही न्याय्य नाही. मधला मार्ग असा:

> "होल्ड पॉइंटवरील काम गृहीत मंजुरीने मंजूर होणार नाही. विधिवत सूचना देऊनही तपासणारा ठरल्या वेळी हजर न झाल्यास, प्रत्यक्ष तपासणी होईपर्यंतच्या विलंबाइतकी मुदतवाढ आणि साईट अडून राहिल्याचा सिद्ध होणारा खर्च ठेकेदारास मिळेल."

मालकाला हे महाग वाटते. पण त्यामुळेच तपासणारा वेळेवर येतो.

खबरदारी: सळईची मंजुरी मिळेपर्यंत काँक्रीटची ऑर्डर द्यायची नाही, असे स्वतंत्र वाक्य घाला. दारात मिक्सरचा ट्रक उभा असताना सळई तपासायला बोलावले की नकार देण्याची हिंमत कुणाची होत नाही. आणि ट्रक खोळंबला की घट्ट होऊ लागलेल्या काँक्रीटमध्ये पाणी ओतण्याचा मोह होतो. त्या पाण्याने काँक्रीट ओतायला सोपे होते आणि ताकद मात्र उतरते.

## टप्पा ५: "समाधानकारक" हा शब्द काढून टाका

"काम उत्तम दर्जाचे", "अभियंत्याच्या समाधानाप्रमाणे" हे शब्द वादात दोन्ही बाजूंना उपयोगी पडतात, म्हणजे कुणालाच पडत नाहीत. प्रत्येक तपासणीसमोर चार रकाने भरा: काय मोजायचे, कशाने मोजायचे, किती चालेल, किती ठिकाणी मोजायचे. खालचे आकडे नमुन्यादाखल आहेत. तुमच्या डिझायनरचा आराखडा आणि लागू मानक यांचा आकडा अंतिम.

सळई. व्यास, संख्या, अंतर आणि जोडाची लांबी आराखड्याप्रमाणे. कव्हर आराखड्यातल्या आकड्यापेक्षा कमी चालणार नाही, जास्त १० मि.मी.पर्यंत. कव्हर ब्लॉक स्लॅबच्या काँक्रीटइतकेच मजबूत हवेत, दगडाची कपची किंवा फरशीचा तुकडा नको. स्लॅबच्या वरच्या थरातली सळई पायाखाली तुडवून खाली बसते आणि कॅन्टिलिव्हरमध्ये, म्हणजे बाल्कनी आणि छज्जात, नेमकी तीच सळई भार घेते. म्हणून तिथे सळईखाली खुर्च्या (सळई उचलून धरणारे आधार) आहेत का आणि काँक्रीट ओतताना त्या जागेवर राहतात का, हे वेगळे कलम करा.

काँक्रीट. साईटवर स्लम्प, म्हणजे काँक्रीट किती पातळ आहे ते बघणारी ३०० मि.मी. उंच शंकूची चाचणी, आणि ताकदीसाठी १५० मि.मी.चे क्यूब (काही ठिकाणी सिलिंडर). ७ दिवसांचा निकाल फक्त अंदाज देतो, स्वीकृती २८ दिवसांच्या निकालावर. करारात हे असावे: किती काँक्रीटमागे किती नमुने, नमुना कुणी भरायचा, त्यावर खूण आणि तारीख कुणी टाकायची, प्रयोगशाळेत कुणी न्यायचा. नमुने ठेकेदाराच्या ताब्यात २८ दिवस राहिले, तर शेवटी तोडला जाणारा क्यूब तुमच्याच स्लॅबचा आहे हे सांगणार कोण?

आणि खरी पंचाईत: २८ दिवसांनी निकाल कमी आला तोवर वरचा मजला चढलेला असतो. त्यासाठी आधीच ठरवा की अशा वेळी वरचे काम थांबेल आणि ठेकेदाराच्या खर्चाने कोअर (बांधलेल्या काँक्रीटमधून कापून काढलेले नमुने) काढले जातील. मान्य होणारा आकडाही आधीच लिहा: तीन कोअरची सरासरी ठरलेल्या ताकदीच्या किमान ८५ टक्के आणि एकही कोअर ७५ टक्क्यांखाली नको, ही कसोटी प्रमुख मानकांत आहे. रिबाउंड हॅमर पृष्ठभागाचा कठीणपणा सांगतो. शंकास्पद जागा शोधायला तो चांगला, पण निव्वळ त्याच्या आकड्यावर काम पास करू नका.

वॉटरप्रूफिंग. किमान २४ तास, गच्चीला ४८ ते ७२ तास पाणी साठवून ठेवणे. पाण्याची उंची साधारण २५ ते ५० मि.मी. पातळीची खूण भिंतीवर पेन्सिलीने करा, सुरुवातीचा आणि शेवटचा फोटो घ्या, खालच्या छताचाही. उघड्यावर बाष्पीभवनाने पातळी थोडी उतरतेच, म्हणून निकाल खालच्या ओलीवर ठरवा. चाचणी फरशी बसवण्यापूर्वीच. फरशीनंतर गळती दिसली तर ती नक्की कुठून, हे फरशी फोडल्याशिवाय कळत नाही.

नळ. हवा काढून पाणी भरायचे, वापराच्या दाबाच्या दीडपट दाब द्यायचा, ठरलेल्या वेळेत दाब उतरता कामा नये. गेज, वेळ आणि वाचन लिहून ठेवा. सांडपाण्याच्या नळांना उतार मोजून.

वायरिंग. ५०० व्होल्ट डीसीवर इन्सुलेशन रोध किमान १ मेगाओहम. उपकरणे जोडण्याआधी मोजायचे, नाहीतर उपकरण बिघडू शकते. ३० मिलीअँपिअरचा आरसीडी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) चाचणी यंत्राने ट्रिप करून पाहावा. ठरलेल्या गळतीला तो ३०० मिलिसेकंदांत तुटायला हवा. नुसते टेस्टचे बटण दाबल्याने ती वेळ कळत नाही.

गिलावा, फरशी, दारे यांची मर्यादा एकेका ओळीत लिहा: २ मीटरच्या पट्टीखाली फट किती, ओळंब्यात फरक किती, स्नानगृहाचा उतार किती (१:१०० ते १:८० सहसा पुरतो). यापेक्षा जास्त शाई तिथे नको.

## टप्पा ६: नापास झाल्यावर

हे कलम नसेल तर आधीचे पाच टप्पे कागदावरच राहतात. क्रम असा:

- दोष लेखी, जागेसह आणि फोटोसह, २४ तासांत कळवणे
- ठेकेदाराने ठरलेल्या दिवसांत दुरुस्तीची *पद्धत* लिहून देणे (मधमाशीच्या पोळ्यासारखे पोकळ राहिलेले काँक्रीट गिलाव्याने लिंपणे ही पद्धत नव्हे)
- पद्धत मंजूर झाल्यावर दुरुस्ती, मग फेरतपासणी, खर्च ठेकेदाराचा
- ठेकेदाराने टाळल्यास दुसऱ्याकडून करून घेण्याचा आणि खर्च बिलातून वळता करण्याचा अधिकार, किती दिवसांच्या नोटिशीनंतर ते लिहून

काही दोष दुरुस्त न करता "चालवून घेता" येतात. तो निर्णय साईट सुपरवायझरचा नाही. भार घेणाऱ्या भागाबाबत संरचना अभियंत्याची लेखी स्वीकृती लागेल आणि दर कमी होईल का, हे तिथेच नोंदले जाईल, असे लिहा.

याच कलमात सबंध करारातले सर्वांत मोलाचे वाक्य बसवा:

> "तपासणी, मंजुरी, तपासणी न करणे किंवा बिलाची रक्कम देणे यामुळे काम स्वीकारले असे होत नाही व ठेकेदाराची जबाबदारी कमी होत नाही."

हे नसेल तर "तुमच्याच इंजिनिअरने पास केले होते" हा बचाव कायम तयार असतो.

## टप्पा ७: न कळवता झाकलेले काम

फिडिक या सल्लागार अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या १९९९च्या नमुना बांधकाम करारात (कलम ७.३) याची साधी व्यवस्था आहे. काम झाकण्यापूर्वी ठेकेदाराने कळवायचे, अभियंत्याने विनाकारण उशीर न करता तपासायचे किंवा तपासायचे नाही असे लगेच सांगायचे. ठेकेदाराने कळवले नाही, तर मागणी झाल्यावर काम उघडून दाखवायचे आणि पूर्ववत करायचे, सगळे त्याच्या खर्चाने. काम आतून निर्दोष निघाले तरीही.

घरगुती करारातही हेच दोन भाग करा. सूचना न देता झाकले: उघडण्याचा खर्च नेहमी ठेकेदाराचा. सूचना देऊन, मंजुरी घेऊन झाकले आणि नंतर मालकाला शंका आली: दोष निघाला तर ठेकेदाराचा, नाही निघाला तर मालकाचा, वेळेसकट. दुसरा भाग गाळलात तर ठेकेदार कलमाला विरोध करील, आणि रास्त करील.

## टप्पा ८: पैशाची गाठ

हप्ता "स्लॅब पूर्ण झाल्यावर" नको, "स्लॅबच्या होल्ड पॉइंटचे मंजुरीपत्र बिलासोबत जोडल्यावर" हवा. फरक एका कागदाचा वाटतो, पण पाठपुरावा कुणी करायचा हे त्याने उलटते. मंजुरीच्या मागे मग ठेकेदारच लागतो.

प्रत्येक बिलातून ५ किंवा १० टक्के रक्कम राखून ठेवा. अर्धी काम ताब्यात घेताना, उरलेली दोषदायित्वाचा काळ (ताब्यानंतर निघालेले दोष ठेकेदाराने दुरुस्त करून देण्याची मुदत) संपल्यावर सोडायची, ही रुळलेली पद्धत आहे. सुरुवातीचे हप्ते कामापेक्षा मोठे असतील तर राखीव रक्कम नावापुरतीच उरते. तेवढी हप्त्यांची बेरीज एकदा कामाच्या टक्केवारीशी ताडून पाहा.

## टप्पा ९: ताबा आणि त्यानंतरची मुदत

अंतिम तपासणी दिवसाउजेडी, वीज-पाणी चालू असताना आणि सामान आत येण्याआधी. वरून खाली या: गच्ची आणि पाण्याच्या टाक्या, मग ओल्या खोल्या, मग खिडक्या-दारे, भिंती, शेवटी वीज. भिंतीचे उंचवटे बघायला बॅटरीचा झोत भिंतीला समांतर टाका. पोकळ बसलेल्या फरश्या नाण्याने ठोकून कळतात.

दोषयादीत खोली, जागा, दोष, फोटोचा क्रमांक, मुदत आणि दोघांच्या सह्या. दोषांचे दोन गट करा: ताबा रोखणारे (गळती, वीज सुरक्षा, भार घेणाऱ्या भागातील दोष) आणि ताब्यानंतर ठरल्या दिवसांत करायचे. हे वर्गीकरण करारातच हवे. आयत्या वेळी ठरवायला गेले की प्रत्येक दोष "किरकोळ" होतो. भिंतीतल्या नळांचे आणि वायरिंगचे प्रत्यक्षातले नकाशे, हमीपत्रे आणि चाचणी अहवाल हेही ताब्याच्या अटीत घाला.

दोषदायित्वाचा काळ किमान १२ महिने ठेवा, म्हणजे इमारत सगळ्या ऋतूंतून जाते. सुरुवातीची तारीख ताबापत्रावरची, "काम संपल्यापासून" अशी मोघम नको. दुरुस्त केलेल्या भागाची मुदत दुरुस्तीपासून नव्याने मोजली जावी. संरचनेच्या दोषांची मुदत वेगळी आणि लांब असावी. तिथे लागू कायदा कमीत कमी मुदत ठरवून देत असेल तर करार त्याखाली जाऊ शकत नाही, हे वकिलाकडून पडताळून घ्या.

खबरदारी: मुदत संपण्याच्या ३० दिवस आधी संयुक्त तपासणी होईल, असे वाक्य नसेल तर ती तारीख कुणाच्या लक्षात राहत नाही, आणि दुसऱ्या दिवशी सापडलेला ओलावा तुमचा असतो.

## टप्पा १०: तयार मालमत्ता घेत असाल तर

इथे ठेकेदार नसून विक्रेता समोर आहे, म्हणून कलमाची रचना बदलते. तपासणीची अट बयाणा परत न मिळण्याजोगा होण्याआधी पूर्ण व्हायला हवी. दिवस मोजून लिहा. गच्ची, टाकी, मीटरची जागा, कुलूपबंद खोल्या यांत प्रवेश मिळेल आणि वीज-पाणी चालू असेल, ही विक्रेत्याची जबाबदारी. भिंत खरवडणे किंवा छताची फळी उघडणे यासाठी वेगळी परवानगी लागेल, ती आधीच मागा.

निकालानंतरचे पर्याय स्पष्ट हवेत: बयाणा परत घेऊन माघार, किमतीत घट, किंवा विक्रेत्याने दुरुस्ती करून फेरतपासणी. कोणता पर्याय निवडायचा हे कोण ठरवणार आणि किती दिवसांत, हेही. "तपासणी खरेदीदारास समाधानकारक नसल्यास" एवढेच लिहिले तर विक्रेता मान्य करत नाही. रकमेची मर्यादा घातली, म्हणजे दुरुस्तीचा अंदाजित खर्च अमुक रकमेवर गेला तर माघारीचा हक्क, तर दोघांनाही पचते. आणि मुदतीत काही कळवले नाही तर अट सोडून दिली असे धरले जाईल का, हे वाक्य शोधून वाचा. ते बहुधा असते आणि बहुधा शेवटच्या पानावर.

"आहे त्या स्थितीत" हे शब्द विक्रीकरारात असतील तर तपासणीची अट त्यावर मात करते, असे दोन्ही कलमांत एकमेकांचा क्रमांक देऊन नमूद करा.

शेवटी तपासनिसाशी होणारा करारही वाचा. त्यात न तपासलेल्या भागांची यादी आणि त्याच्या जबाबदारीची कमाल रक्कम असते, अनेकदा ती त्याच्या फीइतकीच. वाळवी, गटार, वीज आणि गच्ची त्याच्या कामात आहेत की वगळली आहेत, हे त्याला नेमण्याआधी विचारा. अहवाल हातात आल्यावर विचारलेत, तर खरेदीकरारातले तपासणीचे दिवस तोवर संपत आलेले असतात.